पत्ता : अकरावं गुणसूत्र, ५२,२७,००२

पाहिलं! अकराव्या गुणसूत्रावरचं बावन्न लाख सत्तावीस हजार दोन क्रमांकाचं अक्षर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटले आहे. घरच्यांना सांगून झालं, लॅबमधल्या सगळ्यांना सांगून झालं, आता तुम्हाला सांगते. साधा लॅपटॉप होता, इंटरनेट होतं, पैसा एक लागला नाही. कुणाची परवानगी नाही, पासवर्ड नाही, काही नाही.

विदर्भात रक्ततपासणीच्या कामात असणाऱ्या माणसाला हे अक्षर म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. आमचं अर्धं आयुष्य त्याच्याच मागे जातं. बोट टोचून घेतलेलं थेंबभर रक्त सोल्युबिलिटीच्या नळीत टाकायचं, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला जातो आणि रिपोर्टवर येतं एएस किंवा एसएस. एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक, एसएस म्हणजे ग्रस्त. नागपूर भागातल्या सिकलसेलची नोंद १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आली होती, त्याआधी १९५२मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला होता. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, तिकडे नंदुरबार, कुठेही जा, सिकलसेल हा शब्द गावातल्या आजीलाही ठाऊक असतो.

डीएनएमधलं एकच अक्षर बदलतं आणि त्यातून हा आजार होतो, हे मलाही पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं, शिबिरांमध्ये शेकडो लोकांसमोर बोलले होते. पण ते अक्षर कुठे आहे, त्याच्या डावी-उजवीकडे काय आहे, ते बघता येतं का, हा प्रश्नच कधी डोक्यात आला नव्हता. मग आमच्याकडे बायोइन्फर्मॅटिक्स शिकणारी एक मुलगी प्रकल्पासाठी आली. तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "ताई, वरच्या चौकटीत एचबीबी लिहा आणि एंटर मारा. बाकी काही करू नका."

मी लिहिलं. एंटर मारलं.

यूसीएससी जीनोम ब्राउझर असं त्या साधनाचं नाव. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या केंद्राने बनवलेलं. पडद्यावर सगळ्यात वर एक आडवी पट्टी येते, काळे-करडे पट्टे असलेली. ते अख्खं अकरावं गुणसूत्र, साडेतेरा कोटी अक्षरांचं. तिच्या डाव्या टोकाजवळ एक बारीक लाल खूण असते : आपण आत्ता इथे आहोत. आणि खाली ती जागा मोठी करून मांडलेली, एकाखाली एक थर लावून. गावनकाशावर गट नंबर, विहिरी, पांदण, ओढा सगळं एकाच जमिनीवर दाखवलेलं असतं ना, अगदी तसं. जमीन तीच. एका थरात जनुकं, दुसऱ्यात लोकांमध्ये आढळणारे अक्षरबदल, तिसऱ्यात आजारांशी जोडलेले बदल, चौथ्यात माकड, उंदीर, कोंबडी, मासे यांच्याशी तुलना. हवा तो थर चालू करा, नको तो बंद करा. या प्रत्येक थराला 'ट्रॅक' म्हणतात.

एचबीबी म्हणजे बीटा ग्लोबिनचं जनुक. ते किती लहान आहे हो! जेमतेम सोळाशे अक्षरं. निळ्या रंगाचे तीन जाड ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या दोन बारीक रेषा. ठोकळे म्हणजे एक्झॉन, प्रथिन ज्यावरून बनतं तो मजकूर. रेषा म्हणजे इंट्रॉन, मधला भाग, जो पेशी कापून टाकते. रेषांवर इवले इवले बाण असतात आणि इथे ते सगळे डावीकडे तोंड करून आहेत, कारण हे जनुक उजवीकडून डावीकडे वाचायचं. पुस्तकात इंट्रॉन-एक्झॉनची आकृती किती वेळा पाहिली असेल, पण ती कुठल्या तरी जनुकाची नमुना आकृती होती. इथे समोर होतं ते खरं जनुक, खऱ्या मापात. पहिला इंट्रॉन चिमुकला, १३० अक्षरांचा. दुसरा त्याच्या सहापटीहून मोठा, ८५० अक्षरांचा. ते मापसुद्धा डोळ्यांना दिसतं!

मग तिने चौकटीत पत्ता टाकायला सांगितला आणि मोठं करत करत थेट 'बेस' या बटणापर्यंत नेलं. ठोकळ्याच्या पोटातून अक्षरं उमटली. ए, सी, जी, टी, रांगेने. चित्राखाली 'रिव्हर्स' नावाचं बटण आहे, ते दाबलं की सगळं चित्र उलटतं आणि जनुक आपल्याला सवयीच्या दिशेने वाचता येतं. ए-टी-जी, इथून सुरुवात. पुढे जी-टी-जी, सी-ए-टी, सी-टी-जी, ए-सी-टी, सी-सी-टी, जी-ए-जी. आणि अक्षरांखाली त्या त्या तिकडीचं अमिनो आम्ल, एकेका अक्षराच्या खुणेने : एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई. ती ई म्हणजे ग्लुटामिक आम्ल. जी-ए-जी मधला 'ए' बदलून 'टी' झाला की जी-टी-जी होतं, ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन येतं आणि हिमोग्लोबिन ए-चं हिमोग्लोबिन एस होतं. १९५० च्या दशकात व्हर्नन इनग्रॅम यांनी प्रथिनाचे तुकडे करून शोधलेला तो एकमेव फरक माझ्या बोटाखाली होता. बाण नेऊन ठेवला त्यावर. ५२,२७,००२.

सहावं अमिनो आम्ल असं आपण शिकलो, पण पडद्यावर ते सातवं मोजलं जातं, कारण सुरुवातीचं मेथिओनिन तिथे धरलेलं असतं; प्रत्यक्ष प्रथिन तयार झालं की ते छाटलं जातं. अशा लहान लहान गाठी एकेक करून सुटायला लागल्या की उठवतच नाही. एक सांगून ठेवते, पत्ता टाकताना जीनोमची आवृत्ती कोणती ते नक्की बघा. मी सांगते आहे तो पत्ता एचजी ३८ या आवृत्तीतला. जुन्या एचजी १९ मध्ये हेच अक्षर ५२,४८,२३२ वर आहे.

यानंतर तिने आजारांशी जोडलेल्या बदलांचा थर उघडला, क्लिनव्हार नावाचा, आणि त्या सोळाशे अक्षरांवर लाल खुणांचा नुसता खच पडला! सिकलसेलची खूण त्यातली एक. तिच्यापासून जवळच, पहिला ठोकळा संपून इंट्रॉन सुरू झाला की पाचव्या अक्षरावर आणखी एक लाल खूण आहे. थॅलेसेमियावर काम करणारे सगळे जिला 'आयव्हीएस वन-फाइव्ह' म्हणतात ती. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सर्वाधिक आढळणारं कारण. रिपोर्टमध्ये हे नाव वाचलेलं, पण 'वन-फाइव्ह' म्हणजे पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर, हे बोटाने मोजून बघितल्यावर ते नाव माझ्यासाठी जिवंत झालं. सिकलसेल आणि थॅलेसेमिया एकाच बाळात एकत्र येतात तेव्हा आई-वडिलांना समजावताना किती ओढाताण होते. दोन्ही बदल एका जनुकात, शंभरेक अक्षरांच्या आत! हे चित्र त्या आई-वडिलांनाही दाखवता येईल.

पण खरी कमाल पुढे आहे. मी मागे मागे सरकू लागले, म्हणजे चित्र लहान करत जास्त जागा दिसेल असं. तीनपट, दहापट. एचबीबीच्या शेजारी एचबीडी आलं. मग एक मोडकं, निकामी झालेलं जनुक. मग एचबीजी-वन, एचबीजी-टू आणि शेवटी एचबीई-वन. मी खुर्चीतून उठलेच! ज्यांनी एचपीएलसीचा कागद वाचला आहे त्यांना कळेल. त्या कागदावर हिमोग्लोबिनचे प्रकार ओळीने येतात : आधी एफचं शिखर, मग ए, मग ए-टू, मग एस. ए-टू वाढलं की थॅलेसेमियाचा वाहक. एफ वाढलेलं असलं की सिकलसेलच्या मुलाला जरा बरं. या सगळ्यांची घरं एका ओळीत, एकमेकांना लागून उभी आहेत. एचबीडी हे ए-टूचं, दोन्ही एचबीजी ही एफची. आणि त्यांचा क्रम बघा : एचबीई गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत चालतं, एचबीजी पुढे जन्मापर्यंत, आणि एचबीडी-एचबीबी जन्मानंतर. माणसाच्या आयुष्यात जो क्रम, तोच गुणसूत्रावर! पुस्तकातल्या आलेखात या रेषा एकमेकींना छेदून जाताना पाहिल्या होत्या, पण ही जनुकं त्याच क्रमाने जमिनीवर मांडलेली असतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

आणखी मागे सरकले तर दोन्ही बाजूंना काय असावं? वास ओळखणाऱ्या जनुकांची वस्ती. ओआर-५१, ओआर-५२ अशा नावांची रांगच रांग. माणसात अशी वासाची चारेकशे चालू जनुकं आहेत आणि मोडकी त्याहून जास्त, वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली. त्यांच्या एका मोहल्ल्यात आपल्या रक्ताची ही पाच घरं. वासाच्या जनुकांना लाल पेशीत काही काम नाही, ती तिथे बंद असतात; शेजारची मात्र धडाधड चालू. एवढ्या जवळ राहून कुणाला चालू ठेवायचं नि कुणाला बंद, हे पेशी ठरवते कसं?

त्याचं उत्तरही पडद्यावरच होतं. एचबीईच्या पलीकडे, जिथे जनुक म्हणून काहीच दाखवलेलं नाही अशा मोकळ्या जागेत, एका थरात उंच उंच निळी शिखरं उभी होती. रक्ताच्या कर्करोगातून मिळवलेल्या के-५६२ या पेशींवर मोजलेल्या खुणा त्या. डीएनए कुठे उघडा आहे, कुठे कामाला लागलेला आहे, ते त्या दाखवतात. हा लोकस कंट्रोल रिजन, पूर्ण वस्तीचा मुख्य स्विच. १९८० च्या दशकात तो सापडला. एचबीबीपासून पन्नास-साठ हजार अक्षरं दूर बसून तो डीएनएचा विळखा घालून जनुकाला जाऊन भिडतो. इतर पेशींचे रंग त्याच थरात आहेत, पण इथे ते जवळपास सपाट. रक्ताचा स्विच रक्ताच्याच पेशीत चालू. एका नजरेत!

स्विच म्हटल्यावर ती मुलगी हसली आणि तिने चौकटीत बीसीएल-११-ए लिहिलं. आम्ही दुसऱ्या गुणसूत्रावर. हे जनुक जन्मानंतर एफ हिमोग्लोबिन बंद करण्याचं काम करतं. त्याच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये, दोन ठोकळ्यांमधल्या त्या 'रिकाम्या' रेषेवर, एक लहान तुकडा आहे, जो फक्त लाल पेशी बनवणाऱ्या पेशींमध्ये बीसीएल-११-ए चालू ठेवतो. तो कापला की एफ परत येतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळालेला सिकलसेलचा क्रिस्पर उपचार, कॅसजेव्ही, नेमका हाच तुकडा कापतो. सिकलसेलचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आणि उपचाराची जागा दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका इंट्रॉनमध्ये. बातमी मी वाचली होती. जागा बघितली तेव्हा समजली. त्या उपचाराची किंमत आपल्याकडच्या कुटुंबांच्या आवाक्यात कधी येईल, हा विचार मात्र ती जागा बघतानाही सुटला नाही.

हे सगळं बनवलं कुणी, हे विचारल्याशिवाय मला राहवेना, आणि ती गोष्ट ऐकून तर मी भारावूनच गेले. २००० साली मानवी जीनोमचे तुकडे वाचून होत आले होते, पण ते जोडायचे राहिले होते. खासगी कंपनी सेलेरा स्पर्धेत होती. सार्वजनिक प्रकल्पाकडे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम तयार नव्हता. सांताक्रूझला डेव्हिड हाउसलर यांच्याकडे जिम केंट नावाचा विद्यार्थी होता, वयाने मोठा, आधी अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअरं लिहिणारा. त्याने महिनाभर रात्रंदिवस बसून तो प्रोग्रॅम लिहिला. टायपिंगने मनगटं इतकी सुजत की रात्री बर्फाने शेकावी लागत. जूनमध्ये जोडणी झाली, व्हाइट हाउसमध्ये घोषणा झाली आणि ७ जुलै २००० रोजी सांताक्रूझने माणसाचा जीनोम इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला. केंटने नंतर तो बघण्यासाठी हा ब्राउझर बांधला. चित्रं हलवण्यात मुरलेल्या माणसाने बांधला म्हणूनच तो इतका चपळ आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं. इंग्लंडमधला एन्सेंबल ब्राउझरही त्याच काळातला, तोही मोफत. तो अजून नीट बघायचा आहे.

केंटचंच आणखी एक काम म्हणजे ब्लॅट. अक्षरांची एखादी ओळ त्यात चिकटवली की तीन अब्ज अक्षरांमध्ये ती कुठे आहे ते काही क्षणांत सांगतो. मी बीटाचा पहिला ठोकळा चिकटवला. उत्तरात बीटा आलं आणि खाली एचबीडीसुद्धा! दोघांच्या प्रथिनांची सुरुवात आठ अमिनो आम्लांपर्यंत सारखीच आहे. एका जुन्या जनुकाच्या प्रती होऊन ही भावंडं झाली, याचा पुरावा माझ्या एका पेस्टमध्ये मिळाला.

आता आयजीव्हीबद्दल सांगते. इथे माझा आवाज खरोखर कापत होता.

आतापर्यंत पाहिला तो संदर्भ जीनोम, बराचसा एकाच दात्याच्या डीएनएवरून बांधलेला. आयजीव्ही हे ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये जन्मलेलं साधन वेगळं आहे. त्यात एका विशिष्ट माणसाचे वाचलेले तुकडे संदर्भावर रचून दिसतात. वेब आवृत्ती थेट ब्राउझरमध्ये चालते, काही बसवावं लागत नाही. 'वन थाउजंड जीनोम्स' या प्रकल्पात जगभरच्या लोकांनी आपला जीनोम नावाशिवाय, संमतीने, सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात नायजेरियातल्या इबादानचे योरुबा लोक आहेत आणि त्यांच्यात सिकलसेलचे वाहक बरेच. तिने त्यातला एक वाहक शोधून ठेवला होता. एका माणसाची फाइल अनेक गिगाबाइटची, मग ती आमच्या लॅबच्या नेटवर उघडणार कशी? तर सोबत एक सूचीची छोटी फाइल असते. कुठल्या पत्त्याचे तुकडे मोठ्या फाइलमध्ये कुठे आहेत ते त्यात असतं. त्यामुळे पडद्यावर जेवढी जागा आहे तेवढाच भाग खाली उतरतो, बाकी सगळं तिकडेच राहतं.

पत्ता टाकला. करड्या रंगाच्या आडव्या पट्ट्यांचा ढीग आला, एकावर एक. प्रत्येक पट्टी म्हणजे त्या माणसाच्या डीएनएचा दीडेकशे अक्षरांचा एक तुकडा. संदर्भाशी जुळणारं सगळं करडं, आणि जिथे अक्षर वेगळं तिथे रंग. आयजीव्हीत 'ए' हिरवा, 'टी' लाल, 'सी' निळा, 'जी' नारिंगी. आणि त्या एकाच उभ्या ओळीत, जवळपास निम्म्या पट्ट्यांवर, हिरवा ए! उरलेल्या निम्म्या करड्या. (इथे जनुक उलटवून घेतलेलं नाही, म्हणून ए-चा टी हा बदल समोरच्या साखळीवर टी-चा ए असा दिसतो.) वरच्या उंचीच्या आलेखातला तेवढाच एक खांब रंगीत, अर्धा लाल, अर्धा हिरवा. एक प्रत आईकडून आलेली, एक वडिलांकडून.

एएस.

हजारो रिपोर्टांवर मी ही दोन अक्षरं लिहिली असतील. गढूळ नळी, जेलवरचे दोन पट्टे, एचपीएलसीची दोन शिखरं, प्रत्येक वेळी प्रथिनावरून लावलेला तो अंदाज होता. इथे ए आणि एस शेजारी शेजारी, अक्षर म्हणून उभे होते. इबादानचा तो माणूस आणि गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातली माझ्यासमोर येऊन बसणारी मुलगी, दोघांत तेच अक्षर, त्याच जागी. मलेरियाच्या प्रदेशात वाहकाला या अक्षराने जगवलं म्हणून ते दोन्हीकडे टिकलं.

आपल्याकडच्या सिकलसेलच्या अक्षरासोबत बहुतेक वेळा आजूबाजूच्या अक्षरबदलांचा एक वेगळा संच असतो, त्याला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. एचबीजी-टूच्या सुरुवातीच्या १५८ अक्षरं आधी त्यात एक बदल असतो आणि त्याच्यामुळे एफ जास्त राहतं. म्हणून भारतीय रुग्णांना त्रास कमी, असं पुस्तकं सांगतात. विदर्भात तसं म्हणून चालत नाही. वारंवार भरती होणारी, रक्त चढवावी लागणारी मुलं आम्ही रोज बघतो. मग त्यांच्या जीनोममध्ये आणखी काय आहे? हे बघायला आपल्या माणसांचे थर हवेत. सीएसआयआरच्या इंडिजेन प्रकल्पाने हजारावर भारतीयांचे जीनोम वाचून अक्षरबदलांचं प्रमाण खुलं केलं आहे. जीनोमइंडियाने दहा हजार लोकांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो साठा फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना उपलब्ध झाला. छानच झालं, पण माझं मन अधाशी झालं आहे. गोंड, माडिया, परधान, महार, भिल्ल, पावरा यांची माहिती त्यांच्या संमतीने, त्यांची ओळख जपून, अशाच थरांत मांडलेली मला बघायची आहे. आणि जिल्ह्याच्या लॅबमध्ये बसणाऱ्या तंत्रज्ञांना ती उघडून बघण्याचं शिक्षण मिळायला हवं. यात अवघड असं काहीही नाही, मी शिकले ना!

सध्या मुक्काम सोळाव्या गुणसूत्रावर आहे. अल्फा ग्लोबिनची जनुकं तिथे अगदी टोकाला बसली आहेत, एचबीए-टू आणि एचबीए-वन, जवळपास जुळी. इतकी सारखी की तुकडा यातला की त्यातला हे प्रोग्रॅमलाच ठरवता येत नाही, आणि असे अनिश्चित तुकडे आयजीव्ही करडे न दाखवता पांढरे दाखवतो. या दोघांमधला ३,७०० अक्षरांचा भाग गळून दोन्हींचं मिळून एकच जनुक उरणं आपल्या मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये भरपूर आढळतं, आणि सिकलसेलसोबत ते आलं की आजाराचं रूपच बदलतं. ज्याच्यात हा भाग गळलेला आहे अशा माणसाची खुली फाइल मी शोधते आहे. तिथे पट्ट्यांचा ढीग मधेच खचलेला दिसायला हवा. आज रात्री जेवणं आटोपली की तेच उघडून बसणार आहे.